लोकोरीच्या नावाची डबी

लोपेयोक : शेवटची शेळी कधी कापली?

नाकुवा : पाणी दोन तासांच्या वाटेवर आहे.

अताबो : बाळ सात महिन्यांचं.

लोपेयोक : फुप्फुस, काळीज कुणापुढे टाकलं?

नाकुवा : आमची कुत्री लोकोरी माझ्या मुलापेक्षा शहाणी आहे.

लोपेयोक : मावशी, मी दवाखान्याचा कागद भरतोय. विचारलं तेवढंच सांग.

नाकुवा : तेच सांगतेय. आणलेलं पाणी प्यायचं की बाळाचं ढुंगण धुवायचं? आपल्या तुर्काना जमातीचाच आहेस ना तू? तुलाही कुत्रीनंच चाटून स्वच्छ केलंय. मेलास का? सरकारी शर्ट अंगावर चढला एवढंच.

लोपेयोक : मी नाही मेलो. हिची बहीण मेली.

अताबो : माठाएवढी गाठ होती तिच्या पोटात. नुसतं पाणी.

लोपेयोक : शेळीचं फुप्फुस, काळीज खाऊन कुत्र्याला जंत होतात. त्यांची अंडी आपल्या पोटात गेली की होते तशी गाठ. कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतात, जिभेला, केसांना चिकटतात.

अताबो : दादा, काचेखाली काय दिसतंय ते सांग आधी.

लोपेयोक : काही नाही. शी मीठपाण्यात कालवली की अंडी वर तरंगतात. तुम्ही आणलेल्या या डबीत एकही नाही.

नाकुवा : ऐकलंस, सूनबाई? आता चल घरी.

अताबो : परत बघ.

लोपेयोक : तिसऱ्यांदा बघतोय. लोकोरी साफ आहे म्हणतोय, तर पुन्हा पुन्हा का बघायला लावतेस?

अताबो : ती डबी लोकोरीची नाही.

नाकुवा : तोंड आवर.

अताबो : दवाखान्याच्या फाटकावर बांधलेला कुत्रा आहे ना, नुसत्या मक्याच्या पिठावर वाढलेला, काळीज कधी न मिळालेला, त्याची आहे. आईंनी भरली. मी पाहिलं आणि गप्प बसले.

लोपेयोक : मावशी?

नाकुवा : पलीकडच्या वस्तीतून तुझ्या सरकारी माणसांनी अशाच डब्या नेल्या होत्या. दोन दिवसांनी कुत्री मारायला बंदूक घेऊन आले. लोकोरी गेली तर बाळाकडे कोण बघणार? तू?

लोपेयोक : ती बेवारशी कुत्री होती. लोकोरीला बांधून औषधाची गोळी द्यायची, जंत पडले की जाळायचे. दर दीड महिन्यानं. मारायचं कुणी म्हटलंय?

नाकुवा : तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं.

अताबो : ही घे. पानात बांधून आणलीय. ही तिची.

लोपेयोक : हातानं उचललीस? आधी त्या साबणानं हात धू. कोपरापर्यंत.

(मीठपाणी स्थिर व्हायला पाव तास लागतो.)

लोपेयोक : आहेत. गोल, तपकिरी. बरीच आहेत.

अताबो : ताईला झालेल्या गाठीचीच?

लोपेयोक : अंड्यावरून सांगता येत नाही. साध्या जंताचीही अशीच दिसतात. गोळीनंतर काय पडतं ते बघू. तांदळाच्या कणीएवढे जंत असले, तर तेच.

नाकुवा : आणि बाळ?

लोपेयोक : बाळाचं आज काहीच कळणार नाही. गाठ वाढायला वर्षं लागतात. दर वर्षी पोट तपासून घ्यायचं.

नाकुवा : किती वर्षं?

लोपेयोक : बरीच, मावशी.

नाकुवा : उद्यापासून पाण्याला मी जाते. आणखी एक भांडं आणते.

लोपेयोक : आणि लोकोरीला आजच बांधा. अताबो, ऐकतेस ना?

अताबो : सकाळी निघायच्या आधी मीच तिला बाळाला चाटायला हाक मारली होती.