बंपरसकट नवरा

दवाखान्यात आजोबांशेजारी एक जोडपं येऊन बसलं. गाडीचा सुटलेला बंपर चिकटवताना नवऱ्याचा तळहातच बंपरला चिकटला होता. बायको गेल्यापासून आजोबांनी घरगुती भांडण ऐकलं नव्हतं. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

“गॅरेजमध्ये ने म्हटलं होतं.”

“घरच्या घरी झालंच असतं गं.”

“झालं की! पक्कं बसलंय. फक्त गाडीला नाही.”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“मग काय पंख्याकडे बघतील?”

“संध्याकाळी तुझा दादा गाडी परत न्यायला येणार. त्याला काय सांगू?”

“काही सांगू नकोस. पुढे बंपर धरून उभा राहा आणि जा त्याच्याबरोबर.”

“आजोबा, तुमचा नंबर,” नर्सनं हाक मारली.

“आधी यांना घ्या.”

“बरं. सामान बाहेर ठेवा.”

“सामान कुठलं? नवरा आहे माझा!” म्हणत बाईनं बंपरचं दुसरं टोक उचललं.