गुडघ्यांसाठी जर्मनी

डेट्रॉइटच्या विमानतळावर माझ्या पुढे एक मराठी जोडपं उभं होतं. रांग हलत नव्हती, म्हणून मी ऐकत राहिलो.

“प्रफुल्ल, ही ट्रिप माझ्या गुडघ्यांसाठी आहे ना?”

“म्हणजे काय! जर्मनीतलं जुनं गाव, गरम पाण्याचे झरे. पूर्वी राजेसुद्धा यायचे तिथे.”

“आणि नेमकं त्याच वीकेंडला, त्याच गावात तुझ्या कार क्लबचं संमेलन?”

“योगायोग गं.”

“बरं. तिथल्या बाथमध्ये कपडे घालून जाऊ देत नाहीत, माहितीय ना?”

“काय?”

“नियम आहे. बायका-पुरुष एकत्र, आणि अंगावर काही नाही.”

“अगं उपासना, मी शंकररावकाका-काकूंना पण बोलावलंय! म्हटलं, बाथला तुला सोबत होईल.”

“आणि तू गाड्या बघायला मोकळा.”

“ते उद्या निघणारेत. आत्ताच फोन करून कॅन्सल करायला लावतो. सांगतो, झरे आटले.”

“नको. हा नियम मला काकूंनीच सांगितला.”

“त्यांना कसा ठाऊक?”

“तिसऱ्यांदा चाललेत दोघं. काका म्हणाले, प्रफुल्ललाही बाथला आण. गाड्या काय, इथे घराजवळ नोव्हायलाही दिसतात.”