माझा दहा, तिचं पदक

मी पिस्तूल नेमबाजी सोडली ती मिरकरवाड्याच्या नंदामुळे. मी तीन वर्षं घाम गाळतोय आणि ही जाळी विणणारी बाई सहा महिन्यांत माझ्या पुढे. हात म्हणून हलत नाही तिचा.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ती नेमकी माझ्या शेजारी. माझं सगळं लक्ष तिच्याच टार्गेटवर. त्या नादात शेवटचा छर्रा मी तिच्या टार्गेटवर मारला आणि तो बरोब्बर मधोमध बसला. दहा गुण. तीन वर्षांत असा कधी लागला नव्हता. तिचा स्वतःचा आठावर होता, पण कुठलं भोक कुणाचं हे पंचांना ठरवता येईना. अशा वेळी नियमाने मोठा गुण तिला, मला शून्य.

गळ्यात पदक घालून आली आणि म्हणते कशी, "दादा, आज तुमचा नेम काय सुंदर लागला."