सासऱ्याच्या पावलानं

...न्हाय, पर तुमीच सांगा, ह्यात बर्फाची काय चूक? उगं आपलं बर्फाला नावं ठेवायची. जोतीराम आमचा काटेवाडीचा, उसाच्या ट्रकवर सगळी हयात गेली, आन उसाच्या ड्रायव्हरला एकच गोष्ट कळती, कारखान्याच्या काट्यावरचा नंबर. पुढची गाडी जरा कडंला सरली की घातलंच हेनं नाक तितं. का? तर नंबर गेला की दिवस गेला. ऊस वाळतोय, वजन घटतंय, आन माणूस रांगेत शिळी भाकरी चावत बसतोय. लग्नात जेवायला बी हा पयल्याच पंगतीला, मग नवरा-नवरी राहीनात का उपाशी... नंबर गेला की दिवस गेला.

तर त्या साली थंडीत ह्यो साखरेची पोती भरून काश्मीरला निघाला, आन संगं कोण? सासरा. डाळजचे तात्याबा. त्यांनी जल्मात बर्फ बघितला तो गारीगारवाल्याच्या पेटीत, म्हणले, "जावईबापू, एकदा खरा दावा." सारजानं, म्हंजी जोतीरामच्या बायकोनं, बापाच्या अंगात स्वेटरावर स्वेटर चढवलं आन नवऱ्याला एवढंच म्हणली, "माझा बा जसा नेताय, तसा आणून सोडा." आवाज चढवला न्हाय. ती चढवतच न्हाय, त्याचीच जोतीरामला धास्ती.

बनिहालचा बोगदा संपला आन पल्याड सगळं पांढरंफेक. रस्ता पांढरा, डोंगर पांढरा, दरी कुठनं सुरू हुती त्ये बी कळंना. उताराला ट्रकांची ही लांब रांग, पर कशी? एका गाडीम्होरं मोकळं रान सोडून दुसरी, मुंगीच्या पायानं चालल्याली. मागच्या गाडीतनं एक म्हातारा सरदार उतरून आला, काचंवर टकटक केलं, "ओ भाई, पहला गियर डाल, और ब्रेक को भूल जा." जोतीराम म्हणला, जी, जी. चाकाला साखळ्या बांधल्या, पयला गियर टाकला, सगळं केलं. पर त्याचा डोळा कुठं? त्या मोकळ्या जागंवर. एवढी जागा रिकामी आन कुणीच नाक घालंना... आता आमच्याकडच्या माणसाला हे बघवंल का? नंबर गेला की दिवस गेला.

काढली की गाडी भाईर. पुढच्याला मागं टाकलं, आन आलं वळण, आन सवयीनं पाय गेला ब्रेकवर. झालं. चाकं थांबली, गाडी थांबंना. साखरंनं भरल्याला ट्रक आडवा होऊन घसरत निघाला दरीकडं, आन कडंच्या बर्फाच्या ढिगात रुतला म्हणून ऱ्हायला. तात्याबा खिडकीतनं खाली बघत हुते. खाली नदी दिसत हुती.

सगळे ड्रायव्हर आले, फावड्यानं बर्फ उपसला, दोर लावून गाडी सरळ करून दिली. कुणी एक शिवी दिली न्हाय, त्येचंच जोतीरामला लई लागलं. तवर तात्याबा उतरले, धोतराचा सोगा खोवला, आन ट्रकच्या म्होरं, मधोमध, चालाय लागले.

"मामा, कुठं निघाला?"

"खाली."

"आवो, कडंनं तरी चाला. गाडी घसरली तर?"

"कडंनं चाललो तर तुमी नंबर काढताल."

आता काय करतोय? पुढं सासरा, मागं सगळी रांग. पयला गियर, पाय ब्रेकपासनं लांब, डोळं म्हाताऱ्याच्या पाठीवर. तात्याबांचा पाय जरा सटकला की ह्येच्या काळजाचं पाणी. मधीच म्हातारं दम खायला थांबलं... तवा कळलं त्याला, ती मोकळी जागा कशापायी सोडत्यात. पयल्या गियरनं आवळून धरल्याली गाडी मरत मरत, ब्रेकला नुसतं बोट लावल्यागत करून थांबली, ती म्हाताऱ्यापासनं चांगली लांब. खरं सांगतो, जोतीराम रडला. एकटाच, केबिनमधी.

उतार सरला, तात्याबा वर चढून बसले. जोतीरामनं त्यांचं गारठल्यालं पाय मांडीवर घेतलं, चोळत ऱ्हायला. म्हणला, "मामा, माझ्या गाडीवर भरवसा न्हवता, मग तिच्याच म्होरं चाललासा?"

"गाडीवर न्हवताच. आमच्या सारजावर हुता. मला तुडवून तिच्या दारात जायची तुमची छाती न्हाय."

म्हातारा आणला बरं का, जसा नेला तसा. पर पंचाईत झाली आमची. ह्या हंगामात माझी उसाची गाडी ह्येच्या मागं. ह्यो आपला पुढं मोकळं रान सोडून चाललाय, ज्याला वाटंल त्यो येतोय, नाक घालतोय, आन ह्यो घालू देतोय. शेवटी उतरून गेलो, म्हणलं, जोतीराम, आरं नंबर गेला की दिवस गेला. तर स्टेरिंगवर हात तसाच ठिवून म्हणतोय, "त्यो सायकलीवरचा म्हातारा दिसतोय का? कुणाचा तरी सासरा असंल."

आता तुमीच सांगा, असल्या माणसाला हॉर्न तरी कसा मारायचा?