वॉचमनच्या मूत्रपिंडातले भाडेकरू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर विराजमान प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख, आपल्या सर्वांच्या बाई, पहिल्या रांगेतले बाईंचे यजमान आणि कन्या, आणि चहाचा वास येऊनही जागा न सोडणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

बाईंनी काल मला बजावलं, की भाषणात माझी स्तुती नको, बोलायचंच असेल तर जंतूंबद्दल बोल. मी त्यांच्या हाताखाली वाढले, त्यामुळे आज्ञा मोडायची सवय नाही. पुढे जे होईल त्याला सत्कारमूर्ती जबाबदार आहेत.

तर लेप्टोस्पायरा, म्हणजे पावसाळ्यातल्या लेप्टोच्या तापाचा जंतू. केसाहून कितीतरी बारीक, स्प्रिंगसारखा पिळलेला, टोकांना आकड्यासारखा वळलेला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दर्शनच देत नाही. मागे काळोख करून बाजूने उजेड सोडला, की चमकतो आणि स्वतःभोवती गरगरत पुढे सरकतो. नवे डॉक्टर रक्तातल्या प्रथिनाचा धागा बघूनच "सापडला" म्हणून नाचायला लागतात. मग बाई शांतपणे विचारतात, "स्वतःहून फिरतोय, की नुसता वाहतोय?" प्राचार्य महोदय हसताहेत, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही कधीतरी विचारला गेला असावा.

शिवाय याचे खाण्याचे नखरे. साखरेला हा तोंड लावत नाही, याला लागतात स्निग्ध पदार्थ. बाईंच्या यजमानांना मधुमेह आहे. बाई त्यांना म्हणत, बघा, एवढ्याशा जिवाला साखरेवाचून जमतं. शेजारणीच्या नवऱ्याशी तुलना मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. जंतूशी तुलना होऊनही हसत राहिलेले गृहस्थ मात्र हे एकच.

बाईंच्या खोलीत एक कपाट आहे. आत आपल्या अंगापेक्षा थोडी कमी ऊब, आणि ओळीने नळ्या. प्रत्येक नळीत या जंतूचं एकेक वेगळं घराणं, जिवंत. दर आठवड्याला प्रत्येकाचे चार थेंब ताज्या नळीत न्यायचे, नाहीतर कूळ बुडालं. कन्येच्या लग्नाच्या सकाळी वरपक्ष दारात उभा आणि वधूची आई कपाटापाशी. पुढच्या महिन्यापासून हे कपाट बंद करून रक्ताचा थेंब टाकायच्या नुसत्या तयार पट्ट्यांवर तपासणी करायची, असा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला आहे. साहेब, तुम्ही पाणी घ्या. मी बाईंबद्दलच बोलते आहे.

आपले प्लंबर काका आठवा. मागच्या वर्षी पंपाच्या खोलीत पाणी तुंबलं आणि ते भेगाळलेल्या टाचांनी त्यात उतरले. काही दिवसांत फणफणून ताप, डोळे लाल, पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की खाटेवरून उतरवेना. पट्टी म्हणाली, काही नाही. सुरुवातीला ती असं म्हणू शकते, हे ठाऊक असल्यामुळे वॉर्डातल्या डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवून औषध सुरू केलं. हा जंतू बहुधा उंदरांच्या लघवीतून पसरतो, म्हणून साहेबांनी उंदरांवर मोहीम काढली. जागोजागी सापळे लागले. उंदीर एकही मिळाला नाही, लेखापालांचं बोट तेवढं सापडलं.

इकडे आठवड्याभराने बाईंनी काकांच्या नव्याने घेतलेल्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, एकेका घराण्यात मिसळून पाहिलं. बाकी नळ्यांमधली मंडळी मजेत पोहत होती. एकाच नळीतली मंडळी एकमेकांना चिकटली आणि त्यांचे गठ्ठे झाले. काकांच्या शरीराने ज्या घराण्याशी लढाई केली, ते हेच असण्याची शक्यता होती. आणि या घराण्याचा मुक्काम सहसा उंदरात नसतो, कुत्र्यात असतो.

आता पंपाच्या खोलीपाशी कोण झोपतं? आपला वॉचमन. रात्रभर गाढ झोपतो म्हणून तुम्हीच त्या कुत्र्याला हे नाव दिलंत. बाई म्हणाल्या, हा इशारा आहे, पुरावा नव्हे, आणि बाटली घेऊन त्याच्या मागे निघाल्या. कुत्र्याची लघवी मिळवण्यासाठी विभागप्रमुख आवारभर फिरताहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते धन्य. त्या लघवीत जंतू सापडले. त्याच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये हे भाडेकरू सुखाने नांदत होते, वॉचमन ठणठणीत होता, आणि लघवीवाटे बाहेर पडून ते तुंबलेल्या पाण्यात काकांची वाट बघत होते. आम्ही उंदीर शोधत होतो आणि साहेब रोज त्याला स्वतःच्या हाताने बिस्किट भरवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवसांत साहेबांचा तो हात बागकामात कापलेला होता आणि हे जंतू अशाच जखमांतून शिरतात, हे आठवलं की मला अजून धस्स होतं.

काका बरे झाले, मागे बसलेत. साहेबांना काही झालं नाही. वॉचमनला औषध दिलं, लस टोचली, तो आता दाराशी झोपला आहे.

साहेब, पट्टी फार तर हो की नाही सांगते. जंतू कोणाच्या घरून आला असेल, याचा माग या कपाटामुळे लागला. यातली काही घराणी बाईंनी आपल्याच रुग्णांच्या रक्तातून वाढवली आहेत. ती मेली तर बाजारात मिळणार नाहीत. बाई घरी चालल्या, याचं मला फार वाईट वाटतं आहे, पण ते मी सोसेन. त्यांच्यामागे ते कपाट रिकामं झालं, तर त्या खोलीत मला पाऊल टाकवणार नाही. इतक्या लोकांसमोर तुम्हाला अडचणीत आणते आहे, हे मला कळतं. एकांतात विचारण्याचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये होतात.

काय म्हणालात, साहेब? माइक इकडे द्या जरा. साहेब म्हणाले, "कपाट राहील." मागच्या रांगेपर्यंत पोहोचावं म्हणून पुन्हा सांगते, कपाट राहील.

बाई, तुम्ही चष्मा कशाला काढलात? मग माझंही अवघड होईल.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, साहेबांनी तर माझा आगाऊपणाही ऐकून घेतला, त्याबद्दल मनापासून आभार. जिभेचा तोल कुठे गेला असेल तर लहान समजून पदरात घ्या. चहा सुरू करा, आम्ही दोघी वर बाईंच्या खोलीत जाऊन येतो. आज नळ्या बदलायच्या आहेत आणि त्या मी बदलणार आहे. बाई, तुम्ही शेजारी खुर्चीवर बसायचं. हात मांडीवर ठेवायचे, आणि काही चुकलं तरच बोलायचं.