लाल कोटातला बाप

विषय काढलाच आहे, तर सांगतो. माझ्या लेकीच्या, सुनीच्या गाण्यांच्या अल्बमला देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम नव्या संगीताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा गावानं अकोला स्टेशनवर तिच्यासाठी बँड सांगितला. त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा मीच, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

त्या वर्षांत पिकं जात होती, लग्नं घरच्या घरी उरकत होती. आमचे लाल कोट पेटीतच पडून होते.

सरपंच म्हणाले, "काका, तुमी तं पोरीचे बाप! हार घेऊन पुढं उभे राहा."

ढोलवाला रहीमभाई म्हणाला, "मंग क्लॅरिनेट काय सरपंच वाजवते?"

मी कोट चढवला, पण मागच्या रांगेत उभा राहिलो. पेपरवाल्यांसमोर बाप बँडवाला निघाला, तर एवढ्या मोठ्या झालेल्या पोरीला कसं वाटेल?

सुनी गाडीतून उतरली, सरपंचांनी तिला हार घातला. फोटोवाला ओरडला, "बँडवाले, बाजूला व्हा! वडिलांना पुढे येऊ द्या."

मी वाजवणं थांबवून बाजूला झालो. सुनी गर्दीतून सरळ माझ्याकडे आली आणि गळ्यातला हार माझ्या कोटावर घालून फोटोवाल्याला म्हणाली, "हे काय, माहे बाबा." मग माझ्याकडे वळली. "अन् तुमी थांबले काहून? आजवर लोकाइच्या नवरदेवापुढं वाजवलं, आज माह्यापुढं वाजवा."

वाजवलं. सूर जरा हलला, पण रहीमभाईनं ढोल जोरात बडवून सांभाळून घेतलं.