एक्केचाळीस नंबरचा उंदीर

— शिफारसपत्र? आणि माझ्याकडे? म्हणजे सही लॅबप्रमुख म्हणून डॉक्टर ब्रॅनिगनची असते पण लिहिते मीच, हे तुला कुणीतरी बरोब्बर सांगितलेलं दिसतंय, हॅडली. बसू नकोस, उभीच राहा. मेडिकल कॉलेजला नुसते मार्क पुरत नाहीत, संशोधनाचा अनुभव लागतो — ठाऊक आहे गं! एकोणीस वर्षं बघतेय, तुझ्यासारख्या पोरी या उंदरांच्या खोलीत येतात, चार महिने हातमोजे घालतात नि अर्जात ठोकून देतात, 'कर्करोगावर संशोधन केलं'! कसलं संशोधन? उंदीर उचलायचा, तराजूवर ठेवायचा, वजन वहीत लिहायचं. रोज. तेवढंही — ही बघ वही. तुझंच अक्षर ना? रविवार, एक्केचाळीस नंबर, तेवीस पूर्णांक चार ग्रॅम. छान! तब्येत सुधारली म्हणायची. कारण शनिवारी दुपारीच मेला होता तो, मी या हातांनी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला! — बर्फ पडत होता? बस बंद होत्या? अगं, क्लीव्हलंडमध्ये बर्फ नाही पडणार तर काय फुलं पडणार? आले नाही म्हणून लिहायचं, रकाना कोरा सोडायचा, कोऱ्या रकान्यानं कुणाचा जीव जात नाही. उद्या डॉक्टर होशील नि पेशंटला हात न लावताच ताप लिहिशील — रडू नको. रडलेलं मला खपत नाही. मी रडले का? तीनदा अर्ज केला मी, तिन्ही वेळा नकार, संशोधन नाही म्हणून. म्हणून तर इथे लागले, एका वर्षापुरती. एका वर्षापुरती, ऐकतेस ना! — चौथ्यांदा? नाही केला. का म्हणजे? इथल्याच उंदरांवरचा लेख छापून आला होता, माझं नाव तिसरं, याहून मोठं काय लागतं अर्जाला — पण तो जोडायला हातच धजेना, ते आकडे डोळ्यांसमोर — आणि मनानं वजनं भरायलाही अक्कल लागते, बाई, आम्ही निदान आधी पिंजऱ्यात डोकावायचो, जिवंत आहे ना म्हणून —

काय म्हणाले म्हणजे?

काही नाही म्हणाले मी. 'आम्ही' म्हणजे... बोलायची पद्धत असते एकेक. डोळे पूस आधी. आणि त्या जुन्या वह्यांच्या कपाटाकडे काय बघतेस? कुलूप आहे त्याला. — जा तू. पत्र सोमवारी मिळेल. चांगलंच लिहीन. जा म्हटलं ना!